हे कुठल्या धड्यातलं?

दहावीच्या वर्गात मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच. "बाई, हे कुठल्या धड्यातलं?" कित्येक वर्षं मी त्याचं इमानेइतबारे उत्तर देत आले. "अगं, त्रिकोणमिती. सहावा धडा." लगेच पेन चालायला लागायचं आणि मला वाटायचं, येतंय हिला, नुसती आठवण करून द्यावी लागते.

सहामाहीचे पेपर हातात आले की भ्रम फिटायचा. शिडी जमिनीशी 60° चा कोन करते, तिचा पायथा भिंतीपासून 5 मीटरवर आहे. शिडीची लांबी काढा. वहीत हा सरावसंच सुबक अक्षरांत, एकही चूक न करता सोडवलेल्या मुलीने पेपरात लिहिलं होतं : 5² + 60². काटकोन त्रिकोण दिसला, पायथागोरस लावला. दुसरी बाजू नाही म्हणून कोनच बाजू करून टाकला. "इतक्या वेळा करून घेतलं, तरी!" असं शिक्षकखोलीत आम्ही सगळेच म्हणायचो.

करून घेतलं होतं, हे खरं. पण काय? त्रिकोणमितीच्या सरावसंचातलं प्रत्येक गणित त्रिकोणमितीनेच सुटतं. पानाच्या माथ्यावरचं नावच अर्धं गणित सोडवून ठेवतं. किमती घालणं आणि आकडेमोड तेवढी मुलं करतात. रीत कोणती लावायची, हे ठरवायची वेळ त्यांच्यावर वर्षभर येत नाही. ती येते थेट परीक्षेत.

हे मला उमगलं ते डग रोहरर आणि केली टेलर यांचा 2007 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग वाचताना. त्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एकेका आकृतीची गणितं सलग सोडवली, दुसऱ्याने तीच गणितं सरमिसळ करून. सरावात सलगवाल्यांची 89 टक्के उत्तरं बरोबर आली, सरमिसळवाल्यांची 60 टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली, तेव्हा सलगवाले 20 टक्क्यांवर घसरले होते, सरमिसळवाले 63 वर होते. त्या 89 वर खूश होण्यात माझी निम्मी नोकरी गेली होती.

आता मी फळ्यावर एकाच मापाचे तीन काटकोन त्रिकोण काढते. पहिली शिडी 13 मीटरची, पायथा भिंतीपासून 5 मीटरवर, उंची काढा. दुसरी तीच 60° वाली. तिसऱ्यात दीड मीटरच्या काठीची सावली 2 मीटर, झाडाची 12, झाड केवढं? चित्र एकच, धडे तीन. सोडवायचं नाही, फक्त रीत सांगायची आणि ती का, हेही सांगायचं. गृहपाठात आठ गणितं असली तर तीन आजची, बाकीची मागच्या महिन्यांतली, एखादं नववीचंसुद्धा. जरा विसरायला झालेलं खटपट करून आठवलं, की ते जास्त टिकतं.

हे गोड वाटत नाही. वह्यांत लाल शाई वाढते. एक पालक भेटायला आले : "पूर्वी हिला सगळं यायचं हो." त्यांना काय सांगणार, की पूर्वी येत नव्हतं, नुसतं तसं दिसत होतं?

माझाही अतिरेक झाला. नवा धडा सुरू केल्या केल्या सरमिसळ सुरू केली आणि अर्धा वर्ग पार गळपटला. 1985 साली स्वेलर आणि कूपर यांनी बीजगणितावर प्रयोग करून दाखवलं होतं, की नवख्याला आधी सोडवलेली उदाहरणं नीट पाहू देण्याचा फायदा होतो. एकावेळी डोक्यात मावतं तरी किती? म्हणून पहिले दोन दिवस सोडवलेलंच उदाहरण, ओळीओळीला "इथे असं का केलं?" विचारत. ती रीत हाताशी आली, की मग पत्ते पिसायचे.

"कुठल्या धड्यातलं?" हा प्रश्न अजून येतो. मी उत्तर देत नाही. खडू खाली ठेवते आणि थांबते. ती शांतता मला अजूनही जड जाते. परवा अशाच शांततेत मागच्या बाकावरून कुजबुज ऐकू आली : "अरे, कोन कुठाय? दोन्ही बाजूच दिल्यात."