जळगावची डिस्क, साक्रीचा संगणक

शिक्षक मित्रहो, शाळेतला जुना संगणक निर्लेखनाच्या यादीत टाकण्याआधी जरा थांबा. पुष्कळदा बाकी सगळं ठणठणीत असतं, गेलेली असते फक्त हार्ड डिस्क. साक्री तालुक्यातल्या माझ्या एका मित्राच्या शाळेत हेच झालं होतं. कोअर टू ड्युओचा एकुलता एक संगणक, दोन जीबी रॅम, डिस्क बंद. यादी तयार होती. आणि सातवीच्या मुलांनी की-बोर्डला हात लावावा अशी गावात दुसरी जागा नव्हती.

तिकडे नेटची रेंज नाही. म्हणून नवी एसएसडी जळगावला, माझ्या घरीच तयार करायची ठरवली. मित्राची शंका रास्त होती, "एका मशीनवर भरलेली डिस्क दुसऱ्यात चालेल का हो, सर?"

लिनक्समध्ये सहसा चालते. गंमत बघा, १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्सने हे काम जाहीर केलं तेव्हा, आपल्याकडे आहे त्या प्रकारच्या डिस्कपलीकडे यात बहुधा कधीच काही चालणार नाही, असं त्यानेच लिहिलं होतं! आज कर्नल दरवेळी सुरू होताना समोरचं हार्डवेअर नव्याने ओळखतो. मी डेबियन घेतलं. नेहमीच्या पद्धतीने टाकलं की बहुतेक ड्रायव्हर सोबत येतात. फक्त त्याच मशीनपुरते ड्रायव्हर घ्यायचा पर्याय तेवढा निवडू नये.

डिस्कची ओळख हाही प्रश्न असतो. एसडीए, एसडीबी ही नावं म्हणजे बाकावरची जागा, मशीन बदललं की बदलणार. यूयूआयडी म्हणजे जनरल रजिस्टर नंबर. पोरगं कुठल्याही बाकावर बसो, नंबर तोच. डेबियन हाच नंबर वापरतं.

खरी काळजी ग्रबची. तो भलत्या डिस्कवर गेला तर आपलाच लॅपटॉप सुरू व्हायचा नाही. म्हणून लॅपटॉपमधली डिस्क मी आधी काढूनच ठेवली, चार स्क्रूंचं काम. शाळेचं मशीन जुन्या बायोसचं, त्यामुळे लॅपटॉपही लेगसी मोडमध्ये सुरू केला. तुमचं मशीन यूईएफआयचं असेल तर ग्रबची जादा प्रत रिमूव्हेबल मीडियाच्या जागी टाकायला सांगा. कारण बूटची नोंद घरच्या मदरबोर्डमध्ये राहते, डिस्कबरोबर येत नाही.

इन्स्क्रिप्ट कळफलक, देवनागरी फाँट, टक्सपेंट, टक्समॅथ हे सगळं घरीच भरून घेतलं. मग एरंडोल, पारोळा, धुळे करत डिस्क बॅगेतून साक्रीला.

केबल लावली, बटण दाबलं. मिनिटभर काळी स्क्रीन, मागे तीस पोरं चिडीचूप. मग खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "सर, चालू व्हयना!"

घड्याळ मात्र अजून भलतीच तारीख दाखवतं. मदरबोर्डवरचा सेल गेलाय, सीआर २०३२ नंबरचा. पुढच्या बाजाराला मित्र आणणार आहे.