त्याच घराण्याचं इंजिन

फोक्सवॅगन गोल्फची पहिली पिढी 1974 साली आली आणि युरोपात 1983 साली संपली. तिची कन्व्हर्टिबल मात्र आणखी दहा वर्षं बनत राहिली. ओस्नाब्र्युक गावच्या कारमान कंपनीत 1979 ते 1993 या काळात अशा सुमारे 3 लाख 88 हजार गाड्या तयार झाल्या. दुसऱ्या पिढीच्या गोल्फची उघडी गाडी निघालीच नाही. त्यामुळे 1990 साली शोरूममधून कोरी करकरीत बाहेर पडलेली गोल्फ कॅब्रिओलेसुद्धा हाडानं 1974 ची आहे. बॉनेटखालची जागा तीच, इंजिन धरणारी माउंटिंगं त्याच पद्धतीची आणि गिअरबॉक्सही त्याच वंशातला.

माझं सगळं काम या एका गोष्टीवर उभं आहे. पुण्यात यंत्र अभियांत्रिकी शिकून मी जर्मनीत आले आणि आता लोअर सॅक्सनीमध्ये जुन्या गाड्यांची इंजिनं बदलण्याचं, ती बदलली की त्यांचे कागद मंजूर करून घेण्याचं काम करते. त्यात सर्वांत जिव्हाळ्याचा प्रकार म्हणजे पहिल्या पिढीच्या या उघड्या गोल्फमध्ये 1.9 टीडीआय डिझेल बसवणं. डिझेल म्हणजे ट्रक, डिझेल म्हणजे टॅक्सी, उघड्या हौशी गाडीत ते कशाला, असं पुष्कळांना वाटतं. मला ते मुळीच पटत नाही.

उघडी गाडी कशी चालवली जाते ते पाहा. टप मागे घडी करून ठेवलेला, गाडी गावाबाहेरच्या वळणावळणाच्या रस्त्यावर, वेग 70-80. त्या वेगाला वारा सोसवतो, शेतातला वास येतो, शेजारच्याशी बोलता येतं. पेट्रोलचं 1.8 लिटरचं इंजिन आपली खरी ताकद दाखवतं ते फेरे वाढल्यावर. त्याचा टॉर्क दीडशे न्यूटन मीटरच्या आसपास. टीडीआय मिनिटाला 1900 फेऱ्यांनाच 202 न्यूटन मीटर देतं. म्हणजे चढ आला तरी गिअर खाली घ्यावा लागत नाही, इंजिन ओरडत नाही आणि जेमतेम एक टन वजनाची ही गाडी नुसत्या पायाच्या भारावर उचल घेते. शंभर किलोमीटरला पाच लिटरच्या आसपास डिझेल लागतं, हा वरचा फायदा. उभ्या गाडीत टप काढून बसलं की डिझेलची टकटक ऐकू येते, हे मात्र खरं. भिंतीजवळून जाताना जास्तच. चालत्या गाडीत ती वाऱ्यात विरून जाते.

डिझेल इंजिनं पुष्कळ आहेत, मग हेच का? कारण ते त्याच घराण्याचं आहे. 1972 च्या आउडी 80 साठी जे चार सिलिंडरचं इंजिन तयार झालं, त्याला कारखान्यात ईए827 म्हणत. शेजारच्या दोन सिलिंडरांच्या मध्यबिंदूंत 88 मिलिमीटर अंतर, हे त्याचं मूळ माप. त्याच मापावर 1976 साली गोल्फचं 50 अश्वशक्तीचं डिझेल इंजिन बनलं, आणि त्याच मापावर 1991 साली आउडी 80 मध्ये 1.9 टीडीआय आलं: 1896 घन सेंटिमीटर, 90 अश्वशक्ती. वीस वर्षांत पेट्रोलचं डिझेल झालं, डिझेलला टर्बो आला, इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारलं जाऊ लागलं, पण ब्लॉकची बैठक बदलली नाही. गिअरबॉक्सला जोडायची बोल्टची भोकंसुद्धा जुळतात.

या नात्याचा एक पुरावा मला फार आवडतो. जुन्या पेट्रोल इंजिनाच्या ब्लॉकमध्ये एक मधला शाफ्ट असतो, त्यावर डिस्ट्रिब्युटर फिरतो. डिझेलला ठिणगी लागत नाही, म्हणून डिस्ट्रिब्युटरही लागत नाही. पण डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये निर्वातही तयार होत नाही, आणि ब्रेकच्या बूस्टरला तर निर्वात हवाच. मग डिस्ट्रिब्युटर जिथे बसायचा त्याच भोकात, त्याच शाफ्टवर, व्हॅक्यूम पंप बसवलेला आहे. पेट्रोलचं इंजिन उतरवून डिझेलचं शेजारी ठेवलं की एकाच जागी दोन वेगळे अवयव दिसतात. घराणं म्हणतात ते हे.

सुरुवातीच्या टीडीआयला कारखान्याचं नाव 1झेड, आणि जरा नंतरच्याला एएचयू. मी ही दोनच घेते. त्यानंतरच्या एएलएचमध्ये मधला शाफ्ट गेला, माउंटिंग बदललं. चालवायला ते गोड आहे. महाराष्ट्रातल्या वाचकांनी ते पाहिलेलंही असेल, कारण औरंगाबादजवळ शेंद्र्याला जुळवणी झालेल्या पहिल्या स्कोडा ऑक्टाव्हियातलं 1.9 टीडीआय याच फळीतलं. पण जुन्या गोल्फमध्ये बसवायला त्याला जास्त कापाकापी लागते. त्याच्याही पुढची कॉमन रेलची इंजिनं तर आणखी अवघड. ती एकटी नांदत नाहीत. त्यांच्या कंट्रोल युनिटला एबीएसशी, डॅशबोर्डशी, किल्लीशी सतत बोलायचं असतं, आणि 1990 च्या गोल्फमध्ये उत्तर द्यायला कोणी नसतं. 1झेडच्या सुरुवातीच्या युनिटमध्ये किल्लीची कुलूपबंदीसुद्धा नाही. माझ्या हिशेबी ही फार मोठी गोष्ट आहे.

इंजिन खाली उतरवणं आणि नवं वर चढवणं हे मात्र या कामातलं सर्वांत सोपं काम. चित्रफितींत तेवढंच दाखवतात. खरा कस पुढे लागतो.

गिअरबॉक्स घ्या. या गाडीतला 020 जातीचा गिअरबॉक्स इंजिनाला सरळ जुळतो, पण पेट्रोल गाडीचे गिअर आखूड पल्ल्याचे असतात. डिझेल चार-साडेचार हजार फेऱ्यांतच आपलं काम संपवतं, म्हणून त्याला लांब पल्ल्याचे गिअर हवेत, नाहीतर महामार्गावर इंजिन उगाच पळत राहतं. आणि याच गिअरबॉक्सचा एक जुना आजार आहे. डिफरन्शियलचं मोठं दातेरी चाक रिव्हेटांनी धरलेलं असतं. जास्त टॉर्क पडला की एखादं रिव्हेट तुटतं, आत फिरतं आणि अॅल्युमिनियमच्या खोळीला आतून भोक पाडतं. तेल रस्त्यावर, गिअरबॉक्स भंगारात. म्हणून मी प्रत्येक वेळी गिअरबॉक्स उघडते, रिव्हेटांची डोकी घासून काढते, ती ठोकून बाहेर घेते आणि त्या जागी चांगले बोल्ट लावते. गिर्‍हाईक घाईत असलं तरी ही पायरी मी गाळत नाही. क्लचही 210 मिलिमीटरचाच लावते. या गिअरबॉक्सचा क्लच उलटा असतो, म्हणजे प्रेशरप्लेट क्रँकशाफ्टला आणि फ्लायव्हील त्याच्यावर. मुख्य शाफ्ट आतून पोकळ, त्यातून एक लांब दांडा येऊन क्लच दाबतो. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्या गाड्यांचे क्लच बदललेत त्याला हे आधी समजावून सांगावं लागतं.

मग अॅक्सिलरेटर. जुन्या गोल्फला पायाखालून इंजिनापर्यंत एक साधी तार जाते. टीडीआयच्या बॉश पंपाला तार लागत नाही, पाय किती दाबला याचा विजेचा संकेत लागतो. म्हणून पेडलच्या सेन्सरसाठी डॅशबोर्डखाली एक पट्टी बनवायची, आणि तो सेन्सर असा बसवायचा की पेडल पूर्ण सुटल्यावर तो पूर्ण शून्यावर येईल. इथे अर्ध्या मिलिमीटरचा फरकसुद्धा चालत नाही. फेऱ्यांचा काटा पूर्वी इग्निशन कॉइलवरून चालायचा. आता कॉइलच नाही, म्हणून तो आल्टर्नेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून घ्यावा लागतो.

डिझेलची गाडी एअर घेते, हे आपल्याकडच्या कुठल्याही ट्रॅक्टरवाल्याला माहीत असतं. पेट्रोलच्या टाकीत विजेचा पंप असतो, तो इंधन पुढे ढकलतो. टीडीआयचा पंप स्वतः टाकीपासून ओढून घेतो. ढकलणाऱ्या नळीला बारीक चीर असली तर पेट्रोल गळतं आणि लगेच कळतं. ओढणाऱ्या नळीला चीर असली तर बाहेर काहीच दिसत नाही, आत हवा शिरते. रात्रभरात डिझेल मागे टाकीत उतरतं आणि सकाळी स्टार्टर फिरवून फिरवून बॅटरी बसते. तीस-पस्तीस वर्षांच्या रबरी नळ्या अशाच असतात. मी त्या सगळ्या काढून टाकते, टाकी धुऊन घेते आणि पंपाच्या तोंडाशी वीतभर पारदर्शक नळी लावते. इंजिन चालू असताना त्या नळीत अधूनमधून एखादा बारीक बुडबुडा दिसला तर हरकत नाही. बुडबुड्यांची रांग लागली तर गाडी गिर्‍हाइकाला द्यायची नाही.

आता गाडीच्या अंगाबद्दल. छप्पर नसलं की गाडीचा अर्धा ताठपणा जातो. कारमाननं तो दारांखालच्या पेट्या आणि तळाचा पत्रा जाड करून भरून काढला, आणि मध्ये जी ठळक आडवी कमान दिली तिच्यामुळे जर्मन लोक या गाडीला 'स्ट्रॉबेरीची टोपली' म्हणतात. पण दारांखालच्या पेट्या गंजल्या की तो सगळा हिशेब कोसळतो. म्हणून नवी गाडी आली की मी बॉनेट उघडतच नाही. जॅक दाराखाली लावते, त्या बाजूची चाकं जमिनीवरून उचलते आणि दार उघडून बंद करून पाहते. दार आधीसारखंच टपकन लागलं तर पुढे बोलायचं. दाराची फट बदलली आणि कुलूप घासलं, तर आधी पत्र्याचं काम, मग इंजिन. अशा गाडीत डिझेल बसवून द्या म्हणणाऱ्यांना मी स्पष्ट नाही म्हणते. त्यात माणसं बसणार असतात.

डिझेल आयडलिंगला जास्त थरथरतं, आणि ताठपणा कमी असलेल्या अंगात ती थरथर आरशापर्यंत पोहोचते. पुष्कळ जण कडक पॉलियुरेथेनची माउंटिंगं लावतात, शर्यतीच्या गाड्यांचं पाहून. उघड्या डिझेल गाडीला ती विषासारखी आहेत. मऊ, द्रव भरलेली मूळ माउंटिंगंच लावावीत, आणि इंजिन मोकळं बसलंय ना, ओढून बसवलेलं नाही ना, हे हातानं हलवून पाहावं.

कागदांचं काम मला कंटाळवाणं वाटत नाही. उलट ते नसतं तर रस्त्यावर काय काय धावलं असतं! जर्मन नियमांप्रमाणे बदलामुळे धूर किंवा आवाज वाढला तर गाडीची परवानगीच रद्द होते, आणि इंजिन बदललेल्या गाडीला कलम 21 खाली ट्यूफसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेच्या तज्ज्ञाकडून एकट्या त्या गाडीपुरती मंजुरी घ्यावी लागते. तो ब्रेक पाहतो, वजन पाहतो, इंजिनाचा क्रमांक आणि धुराचे कागद पाहतो. गाडीला तीस वर्षं झाली की ऐतिहासिक वाहनाचा 'एच' क्रमांक मिळू शकतो. मग वर्षाला सुमारे 191 युरो एवढाच ठरावीक कर आणि शहरांच्या पर्यावरण विभागांत प्रवेश. पण त्यासाठी बदल गाडीच्या त्या काळाला धरून हवा. 1990 च्या गाडीत 1991 च्या पिढीचं इंजिन या कसोटीत बसतं, 2010 चं बसत नाही. घराण्याचा मुद्दा इथेही उपयोगी पडतो.

या इंजिनाला काजळी गाळणारा फिल्टर नाही, आणि डिझेलच्या धुरावर घेतले जाणारे आक्षेप खरे आहेत. 2015 साली धुराच्या चाचण्यांतल्या ज्या फसवणुकीनं डिझेलचं नाव गेलं ती नंतरच्या ईए189 इंजिनांची होती, तरी जुनं इंजिन म्हणजे स्वच्छ इंजिन असं मी कोणाला सांगत नाही. वर्षाला काही हजार किलोमीटर, उन्हाळ्यापुरती, अशी चालणारी गाडी असेल तर मी हे काम घेते. रोज शहरात नेण्यासाठी कोणी मागितलं तर घेत नाही.

महाराष्ट्रातून मला अनेकदा विचारणा होते. आपल्याकडे हे वेड नवं नाही. महिंद्रनं 1979 मध्ये प्यूजोच्या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला, आणि पुढे गावोगावच्या मिस्त्र्यांनी जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल बसवली. त्या कामात अक्कल होती, याबद्दल मला शंका नाही. पण आज मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 आड येतं. नोंदणीत लिहिलेला तपशील कारखान्यानं दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच ठामपणे सांगितलं. तेव्हा पेट्रोलच्या जुन्या गाडीत डिझेल घालून ती पुण्यामुंबईच्या रस्त्यावर आणायचा विचार कोणी करत असेल, तर करू नये.

जर्मनीत असलेल्या, हे मनावर घेतलेल्या मराठी मुलामुलींना मात्र माझं सांगणं आहे. ज्या गाडीचं मूळ इंजिन ठणठणीत आहे तिला हात लावू नका, ती तशीच जपा. इंजिन मेलेली पण पत्रा शाबूत असलेली गाडी शोधा. अपघातात सापडलेली एखादी अख्खी टीडीआय गोल्फ किंवा पसाट घ्या, म्हणजे वायरिंग, पेडल, कंट्रोल युनिट, सगळं एकाच गाडीचं मिळेल. आणि एकही युरो खर्च करण्याआधी ट्यूफच्या तज्ज्ञाला भेटून काय करणार आहात ते त्याला कागदावर दाखवा.