ढोल आवडतो म्हणूनच बोलते!

मैत्रिणींनो, ढोल-ताशाबद्दल तक्रार करणारी बाई म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे कानांत कापसाचे बोळे घालून, दारंखिडक्या लावून बसलेली कुणीतरी येत असेल. मी त्यातली नव्हे बरं का! लग्न होऊन नारायण पेठेत आले, त्याला बत्तीस वर्षं झाली. अनंत चतुर्दशीला आमच्या घरी सकाळी लवकरच स्वयंपाक उरकलेला असतो आणि मंडईतून मिरवणूक निघायच्या आत मी लक्ष्मी रस्त्यावर हजर असते. ताशाची पहिली तर्री कानावर आली की अंगावर काटा उभा राहतो. हे म्हणतात, "हिला माहेरापेक्षा ताशाची ओढ जास्त!" म्हणोत बापडे.

पण ज्याला आमटी आवडते, त्यालाच मीठ जास्त झालेलं कळतं. जो आमटी खातच नाही, तो काय सांगणार? म्हणून आज ढोल आवडणारीच्या चार तक्रारी तुमच्यापुढे मांडते. पटतात का पाहा.

पहिली तक्रार आकड्याची. हल्ली कुठल्याही पथकातल्या मुलाला विचारा, "काय रे, यंदा नवीन काय?" तो सांगतो, "काकू, यंदा दीडशे ढोल!" अरे, पण ठेका कुठला बसवलास? नवा हात काय घेतलास? ते नाही सांगायचा. पूर्वी मुळशी-मावळकडच्या गावांतून पथकं यायची. मोजकेच ढोल, दोन-तीन ताशे आणि झांजा, पण काय गोडवा होता! पुढे ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग, गरवारे या शाळांच्या पथकांनी त्याला शिस्त आणली. मुलींच्या कमरेलाही ढोल आला. या सगळ्याचा मला अभिमानच आहे. पण शिस्त मागे पडून नुसती गर्दी वाढायला लागली, तर कसं व्हायचं?

यात एक साधा हिशेब आहे, तो मला आमच्या धाकटीने समजावला. ती गेली चार वर्षं एका पथकात ढोल वाजवते. पथकात हुकूम ताशाचा. ताशा वळला की ढोल वळला पाहिजे. आता आवाज एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे ताशापासून ३४ मीटर मागे उभ्या असलेल्या ढोलवाल्याला ताशा एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. त्यावर त्याने टिपरू हाणलं, की तो आवाज पुढे पोचायला आणखी एक दशांश. झालं! पुढच्या रांगेचा ठोका वेगळा, मागच्या रांगेचा वेगळा. लक्ष्मी रस्त्यासारखा अरुंद रस्ता, दोन्हीकडे उंच इमारती, त्यांच्यावर आदळून परत येणारा आवाज निराळाच. मग 'धुम्' असा एक ठोका ऐकू यायच्या ऐवजी जिन्यावरून बटाट्याचं पोतं सुटल्यासारखं ऐकू येतं. बरं, इतक्या ढोलांमागे ताशे किती, तर बोटांवर मोजण्याइतके! जो ऐकायला आम्ही तासन् तास उभं राहायचं, तो ताशाच बुडतो.

दुसरी तक्रार चौक अडवण्याची. बेलबाग चौकात आलं की पथक ठाण मांडतं. एक आवर्तन झालं, छान. दुसरं झालं, तेही छान. तिसऱ्याला तेच, चौथ्यालाही तेच. पाहुण्यांनी "झालं हो जेवण, पोट भरलं" म्हटलं तरी पानात पोळी टाकत राहावं, तशातला प्रकार! मागे खोळंबलेल्या मंडळांची मुलं रणरणत्या उन्हात कमरेला ढोल बांधून ताटकळतात. २०२२ साली दोन वर्षांच्या करोनाखंडानंतर मिरवणूक निघाली, ती तीस तासांच्या पुढे गेली. इतका वेळ वाजवणाऱ्याच्या हातात आणि ऐकणाऱ्याच्या कानात काय उरणार?

तिसरी तक्रार आपल्यासारख्या बघ्यांची. दोर धरून उभी असलेली पोरं घसा फोडून सांगतात, "मागे व्हा, मागे व्हा." पण ऐकतं कोण? प्रत्येकाचा फोनवाला हात पुढे. त्यात नऊवारी, नथ आणि गॉगल घातलेली मुलगी दिसली की सगळे फोन तिच्याकडे वळतात. तिच्या चेहऱ्याची शंभर चित्रं निघतात, पण तिचा हात कसा पडतोय, इकडे एकाचंही लक्ष नसतं. त्या पोरीने दोन महिने घरचं सगळं सांभाळून सराव केलेला असतो, तो काय नथ दाखवायला? आणि शेजारी एखादे आजोबा असतातच, "बाईमाणसाला झेपायचं का हे!" म्हणणारे. झेपतं हो आजोबा. चार तास झेपतं आणि घरी येऊन भांडीही घासली जातात.

त्याहून वाईट म्हणजे सहा महिन्यांचं तान्हं खांद्यावर घेऊन ढोलापासून दोन हातांवर उभे राहणारे आईबाप. मूल दचकून रडतं, तर म्हणतात, "सवय होईल." आता या कानांची सवय म्हणजे काय, ते सांगते. तिथेच माझी चौथी आणि खरी तक्रार आहे.

गेल्या वर्षी सराव सुरू होऊन पंधरा दिवस झाले असतील. धाकटी रात्री जेवताना म्हणाली, "आई, कानात शिट्टी वाजतेय. थांबतच नाही." मी घाबरले. कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासून सांगितलं, की आतल्या कानात केसांसारख्या बारीक पेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालेल, पण दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी धरायची. असं करत १०० डेसिबलला येईतो हातात उरतात फक्त पंधरा मिनिटं! आणि आपला लक्ष्मी रस्ता? अभियांत्रिकी महाविद्यालयाची मुलं दरवर्षी विसर्जनाला तिथे आवाज मोजतात. २०२३ साली त्यांची सरासरीच १०० च्या वर गेली होती. कापसाच्या बोळ्याने यात फारसं काही होत नाही. औषधाच्या दुकानात स्पंजाची बुचं मिळतात, ती चुरगळून नीट आत बसवावी लागतात.

धाकटीची शिट्टी आठवड्याने थांबली, देवाची कृपा. पण ती बुचं घालून सरावाला गेली, तर पोरं हसली. "कान झाकून वाजवायचं, तर वाजवतेस कशाला?" तेव्हा मात्र मला राहवलं नाही. आम्ही पाच-सहा आया मिळून पथकाच्या प्रमुखांना भेटलो. नीट बोललो, पुरणपोळीचा डबाही नेला होता. बुचं सगळ्यांनी घालायची आणि तासाभराने विश्रांती घ्यायची, एवढं त्यांनी मान्य केलं. ढोल कमी करण्याचं नाव काढलं मात्र, तर म्हणाले, "काकू, बाकीची पथकं दीडशे घेऊन येतात. आम्ही साठ घेऊन कुठे तोंड दाखवू?" निम्मं तर निम्मं, पदरात पडलं ते घेऊन आलो.

आमच्या वन्सं अमेरिकेत असतात. त्यांना फोनवर हे सांगितलं, तर हसायला लागल्या. तिकडेही मैदानावर ढोल आणि पितळी तुताऱ्या घेऊन संचलन करणारी तरुण मुलांची पथकं असतात, त्यांना 'ड्रम कोअर' म्हणतात. १९७२ पासून त्यांच्या राष्ट्रीय स्पर्धा भरतात. २००४ साली तिथे मायक्रोफोनला परवानगी मिळाली, तेव्हापासून जुने रसिक कुरकुरताहेत, की आवाज वाढला आणि वाजवणं हरवलं. पण तिथे पथकात माणसं किती असावीत याची मर्यादा ठरलेली असते, आणि म्हणून कुणाची मान खाली जात नाही. म्हणजे रसिकांचं दुखणं सगळीकडे सारखंच, नाही का?

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं कोर्ट-सरकार बघून घेईल. बघितलंच की! २०२४ साली हरित लवादाने पुण्यातल्या पथकांना जास्तीत जास्त ३० माणसांची मर्यादा घातली. गणपती बसलेले असतानाच, १२ सप्टेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. त्या दिवशी आमच्या घरी धाकटी नाचली, मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू? ३० म्हणजे फारच थोडे. पण रात्री भांडी आवरताना मनात आलं, की हा आकडा बाहेरच्यांनी घालायची वेळ आलीच कशाला? आपण आवडणाऱ्यांनी आधी काही बोललोच नाही म्हणून. आपण बोलायला लागलो की लगेच कुणीतरी म्हणतं, "तुम्हांला सण नकोत का?" मग आपण गप्प बसतो. बोलायला उरतात ते फक्त ज्यांना ढोल मुळीच नको आहे, ते. आणि ते आमटीचं पातेलंच उतरवायला निघतात.

म्हणून म्हणते, तुमच्या घरातलं पोर पथकात असेल, तर यंदा वाद्यपूजनाला नारळ वाढवताना त्याच्या खिशात बुचांची जोडी घाला. प्रमुखांना विचारा, "ठेका कोणता बसवताय?" 'ढोल किती' हे विचारूच नका. रस्त्यावर उभ्या राहाल, तेव्हा तान्ह्याला घेऊन मागे सरा आणि दुसरीलाही सरायला सांगा. आणि एखादं छोटं पथक चाळीस ढोलांत ठोका चुकू न देता वाजवून गेलं, तर फोन पिशवीत टाका आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवा. कौतुक कशाचं होतं, तेच मुलं पुढच्या वर्षी करतात. घरी पाहतोच की आपण!