धुरी

रक्त पिणाऱ्या माश्यांचा उन्हाळ्यातील जाच गुरे पाळणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक असून, दिवेलागणीला गोठ्यात घातली जाणारी धुरी हा त्यावरचा महाराष्ट्रातील फार जुना उपाय होय. अशा घरातील मुलाच्या वाट्याला गोठ्याचे पहिले काम येते ते बहुधा हेच: फुटक्या घमेल्यात पेटती गोवरी ठेवून तिच्यावर कडुनिंबाचा ओला पाला टाकायचा आणि डोळ्यांना धार लागली तरी जाळ होऊ न देता धूर धुमसत ठेवायचा. गायीची शेपटी थांबून ती रवंथ करू लागली, की काम साधले हे त्या वयातही उमगते.

पुढे धार काढू लागलेल्या माणसाला माशीची खरी ओळख होते. गोमाशीची फक्त मादी रक्त पिते. ती पात्यांसारख्या मुखांगांनी कातडी कापत असल्यामुळे, ती उडाल्यावरही जखमेतून रक्ताचा टिपूस ओघळत राहतो. अर्धवट पोटाने ती दुसऱ्या जनावरावर बसली, की सर्रा, म्हणजे रक्तातील एकपेशीय परजीवीमुळे येणारा ताप, तिच्याबरोबर जाऊ शकतो. हा परजीवी ग्रिफिथ एव्हान्स यांनी १८८० मध्ये घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात ओळखला. दुसरी माशी दिसायला घरमाशीसारखीच, परंतु तिची ताठ सोंड पुढे आलेली असते. तिचे नर-मादी दोघेही गुरांच्या पायांना डसतात आणि धार काढणाऱ्याची पोटरीही सोडत नाहीत. अशा वेळी पाय झाडणाऱ्या, पान्हा चोरणाऱ्या गायीला मारणे हा तिच्यावरचा अन्यायच असतो.

उतारवयात लक्ष धुरीवरून जमिनीकडे वळते. गव्हाणीखाली साचलेली, शेणामुतात भिजून कुजणारी चगळ (गुरांनी खाऊन उरलेली वैरण) काठीने उलटली, की तिच्यात पांढुरक्या अळ्या वळवळताना दिसतात. दुसऱ्या प्रकारच्या माशीची ही पैदास असून, उन्हाळ्याच्या उबेत अंड्यापासून माशी व्हायला साधारण ३ आठवडे पुरतात. धूर माशीला रात्रीपुरता दूर ठेवतो, तिची वीण मात्र मोडत नाही. त्यासाठी चगळ रोज काढणे, मुताला उतार देऊन जमीन कोरडी राखणे आणि उकिरडा गोठ्यापासून लांब नेणे आवश्यक ठरते. म्हणूनच जाणता म्हातारा नातवाच्या हाती घमेले देण्याआधी खराटा देतो, आणि झाडलेल्या गोठ्यात मग दोघे मिळून धुरी घालतात.