पाण्यातली सीताखाई

तोरणमाळची सीताखाई मी लहानपणापासून पाहत आलो आहे, पण कोरडी! आमचा पाडा अक्राणी तालुक्यातला. तोरणमाळला जायचे ते महाशिवरात्रीला, गोरक्षनाथाच्या यात्रेला. तेव्हा खाईच्या कड्यावर एखादी ओली रेघ असली तर असायची. पाऊस लागला की तिकडे धबधबा सुरू होतो आणि इकडे आमची निंदणी. शेत सोडून पाणी पाहायला कोण जाणार? त्यामुळे घरापासून तीन तासांच्या वाटेवरचा हा धबधबा मी प्रथम पाहिला तो गेल्या ऑगस्टमध्ये, वयाच्या १९व्या वर्षी, कॉलेजच्या भूगोल सहलीत.

शहाद्याहून निघालेली बस सातपायरी घाट चढू लागली तसे ढग खिडकीतून आत येऊ लागले. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मीटर उंच. यशवंत तलावापाशी उतरलो, तर समोर माझे वडील! फोनवर मी सहज सांगितले होते. एक दिवसाची निंदणी बुडवून ते पहाटेच चालत निघाले होते. पिशवीत भाजलेली कणसे होती, सगळ्या वर्गाला पुरतील एवढी.

खाईच्या काठावर नुसते धुके. आवाज तेवढा येत होता. मग वारा सुटला आणि काळा, थरांवर थर रचलेला कडा उघडा पडला. पाणी वरून निघताना पांढरे होते. खाली जाता जाता त्याचा धूर झाला. तळ दिसेना. मुलांनी मोबाइल काढले. (काठावर प्लॅस्टिकच्या बाटल्यांचा खच होता, तो मात्र कोणाच्या फोटोत आला नसेल.) वडील गप्प उभे होते. पन्नाशी उलटली, पण त्यांनीही हे पाणी आजच पाहिले.

सर सांगू लागले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले, त्यांचा हा बेसाल्ट. मऊ थर आधी झिजतो, वरचा कठीण थर अधांतरी राहून कोसळतो, आणि धबधबा हळूहळू मागे सरकतो. पुढे उरते ती घळई. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दादांनाही सांग की!"

वडिलांना पावरी येते, मराठी कामापुरती. "अपक्षरण"ला आमच्या बोलीत शब्द नाही. मी सांगितले, पाणी दगड खाते. वर्गासमोर मी पावरीत बोललो तो हा पहिलाच प्रसंग.

वडिलांनी विचार केला. म्हणाले, "मागे सरकतो, तर आपल्या शेताकडे येईल का?"

मी मराठीत सांगताच सर मोठ्याने हसले. "लाखो वर्षे लागतील, दादा!"

"मग निंदणी करून घेऊ," वडील गंभीरपणे म्हणाले.

जेवणानंतर वह्या भरायच्या होत्या. "स्थळाचे स्वरूप" या रकान्यात सर्वांनी "अतिदुर्गम" लिहिले. माझा रकाना बराच वेळ रिकामा होता. समोरच्या उतारावरून वडिलांची छत्री खाली जाताना दिसत होती. शेवटी मी "खोल घळई" असे लिहिले.

रात्री वसतिगृहातून फोन लावला. आईनेच उचलला. माझी खुशाली न विचारता म्हणाली, "हे हात वर करून करून दाखवताहेत. खरंच एवढं पाणी का रे?"