बेस कोण वाजवतंय?

रॉक बँडचा फोटो दाखवून कुणालाही विचारा, यातला बेस वाजवणारा कोण? बहुतेक पब्लिक फोटोतल्या सगळ्यात साध्या माणसाकडे बोट दाखवतं. ड्रम्सच्या बाजूला मान खाली घालून उभा असतो ना, तो. आता 'किस' या अमेरिकन बँडचा फोटो बघा. तोंडाला पांढरा-काळा रंग फासलेला, लांबलचक जीभ बाहेर काढलेला, तोंडातून रक्त गाळणारा आणि आगीचे लोट सोडणारा एक राक्षस सगळ्यांच्या पुढे उभा. तो जीन सिमन्स. आणि बँडचा बेसिस्ट तोच! हे सांगितलं की समोरचा म्हणतो, "हो का? वाजवतो पण?"

तो "पण" माझ्या डोक्यात जाम बसलाय. कारण मीही बेस वाजवते. गेल्या गॅदरिंगला लाल बूट आणि डोळ्यांत डबीभर काजळ असा अवतार करून मी स्टेजवर उभी होते. हौसेने केला होता आणि यंदाही करणार आहे. दुसऱ्या दिवशी मेसच्या रांगेत मागून आवाज आला, "बेसवाली भारी दिसत होती रे, पण वायर जोडलेली होती का तिची?" जोडलेली होती, बरं का! आणि यंदा तर प्रकरण आणखी पुढे गेलंय. बँडमधूनच प्रस्ताव आलाय की बेसचं काम कीबोर्डच्या डाव्या हाताने भागेल, तू नुसती कोरसला उभी राहा, स्टेज भरल्यासारखं दिसतं. म्हणजे बेस गेला तरी चालेल, काजळ राहिलं पाहिजे!

असो. रागावून उपयोग नाही, म्हणून इअरफोन लावून कामाला लागले.

आधी थोडं टेक्निकल. बेसची सगळ्यात जाड तार साधारण ४१ हर्ट्झला कंप पावते, गिटारची त्याच्या दुप्पट, ८२ ला. मोबाइलचा स्पीकर नखाएवढा, तो इतके खालचे सूर देऊच शकत नाही. वरचे हार्मॉनिक्स ऐकून खालचा सूर मेंदू स्वतःच भरून घेतो. म्हणजे रूममध्ये बादलीला मोबाइल टेकवून व्हिडिओ बघणाऱ्याला सिमन्सची जीभ एचडीमध्ये दिसते आणि बेस मात्र उधारीवर मिळतो. मग क्रेडिट कशाला जाणार? आमच्या कॉन्व्हेंटच्या चॅपलमध्ये सिस्टर पियानोचा डावा हात मधेच थांबवायच्या आणि आम्हाला गात राहायला लावायच्या. कोण कुठे घसरलंय ते दोन ओळींत उघडं पडायचं. डाव्या हाताबद्दलचा माझा आदर तेव्हापासूनचा आहे. (कीबोर्डवाल्याने हे वाक्य आपल्या बाजूने वापरू नये.)

तर सिमन्स. 'डिस्ट्रॉयर' या १९७६ च्या अल्बममधलं 'डेट्रॉइट रॉक सिटी' नीट हेडफोन लावून ऐका. वर गिटार ठोकत असतात आणि खाली बेस त्यांची री ओढत बसत नाही, स्वतःची चाल धरून पळत असतो. हे काम येरागबाळ्याचं नाही. पण हिशेब करायचा तर दोन्ही बाजूंनी करू. ज्यांना किस माहीत नाही त्यांनाही माहीत असलेलं १९७९ चं 'आय वॉज मेड फॉर लव्हिन यू', त्यात बेस पॉल स्टॅन्लीने वाजवलाय. 'रॉकेट राइड'मध्ये एस फ्रेलीने. शिवाय चेहरा विकायचा हा धंदा याने स्वतः आनंदाने केला. बाहुल्या, डबे, कॉमिक्स! १९७७ च्या मार्व्हल कॉमिकसाठी तर बँडने आपलं रक्त छपाईच्या शाईत मिसळलं. एवढं केल्यावर माझा बेस कुणी ऐकत नाही म्हणून रडायचा हक्क राहत नाही. माझ्या मते त्याला मार्क बरोबर मिळालेत, फार तर दोन कमी.

मोटरहेडच्या लेमीचं उलटं आहे. टोपी, कल्ले, गालावरचे चामखीळ, माइक उंच लावून आकाशाकडे बघत गाणं, ही त्याची मूर्ती टी-शर्टवर सगळ्यांना पाठ. पण हा मूळचा गिटारवाला. १९७१ मध्ये हॉकविंडमध्ये बेस हातात आला, १९७५ मध्ये तिथून हाकलल्यावर त्याने मोटरहेड काढला. बेसवर एकेक सूर वाजवण्याऐवजी तो सरळ कॉर्ड्स हाणायचा, तेही मार्शल अँप्सवर मिड्स वर आणि बेसचा नॉब खाली ठेवून. आपल्या लॅबमध्ये वेव्हफॉर्म इतका कापला गेला तर सर जर्नल तोंडावर मारतील! लोक म्हणतात, हा बेस नव्हेच, नुसता गोंगाट. अहो, त्यांच्या सुरुवातीच्या बँडमध्ये गिटार एकच होती. गिटारवाला सोलो घ्यायला वर गेला की मधली जागा रिकामी पडते, आणि लेमी ती भरत होता. डिझाइन होतं ते. १९८० च्या 'एस ऑफ स्पेड्स'ची सुरुवातच त्याच्या बेसने होते.

सगळ्यात जास्त अन्याय झाला तो मात्र फिल लायनटवर. थिन लिझी हा त्याचा बँड. डब्लिनमध्ये वाढलेला, आई आयरिश, वडील ब्रिटिश गयानाचे. लेदर, कानात बाळी, आणि बेसवर चक्क आरशाची पट्टी! स्टेजवरचा झोत त्या आरशावर घेऊन तो प्रेक्षकांवर टाकायचा. या बँडचं कौतुक निघालं की सगळे दोन गिटारींच्या जोडीवर बोलतात आणि लायनटच्या वाट्याला शब्द आणि रुबाब येतो. पण १९७६ चं 'द बॉइज आर बॅक इन टाउन' घ्या. गाणं तो गप्पा मारल्यासारखं म्हणतो. शब्द कधी तालाच्या आधी, कधी रेंगाळत. आणि त्याच वेळी बोटं वेगळ्याच लयीत, एका जागी न थांबता फिरत असतात. आई फोनवर मावशीशी भांडता भांडता पोळ्या लाटते आणि एकही पोळी वाकडी होत नाही, तसं. मी पंधरा दिवस प्रयत्न करतेय. गायला लागले की बोटं शब्दांमागे जातात, बोटं सांभाळली की तोंड बंद! तो १९८६ मध्ये गेला. २००५ मध्ये डब्लिनला त्याचा पुतळा बसवला, त्यात बेस त्याच्यासोबत आहे. पुतळा करणाऱ्याला तरी कळलं म्हणायचं.

२ डिसेंबर २०२३ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये किसच्या निरोपाच्या दौऱ्याचा शेवटचा शो झाला. बँड स्टेजवरून गेला आणि पडद्यावर त्यांचे डिजिटल अवतार आले. तेच रंग, तोच थाट, फक्त माणसं नाहीत. तो व्हिडिओ बघताना मला आमचा प्रस्ताव आठवला आणि मी बँडच्या ग्रुपवर कळवून टाकलं: काजळ आणि बेस एकत्रच येतील, सुटे मिळणार नाहीत. अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. ब्लू टिक मात्र सगळ्यांच्या आल्यात.

ज्यांना 'बॉइज आर बॅक' मोबाइलच्या स्पीकरवर नको, नीट ऐकायचंय, त्यांच्यासाठी माझ्याकडे बरे हेडफोन आहेत. लेडीज हॉस्टेलच्या गेटवर निरोप ठेवा. सबमिशनच्या आठवड्यात मागू नका, आणि वायर गुंडाळून परत द्या.