सात माथ्यांचं घर

सेलमला येणारे बहुतेक पर्यटक चेटकिणींच्या मागावर असतात. १६९२च्या खटल्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या या बंदराचं नाव जगभर झालं. मला मात्र इथली घरं बघायची होती. अमेरिकी घरबांधणीची जवळपास दीडशे वर्षं इथे पायी फिरून पाहता येतात.

डर्बी स्ट्रीटजवळ, अगदी पाण्याच्या काठाला ‘हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स’ उभं आहे. गेबल म्हणजे उतरत्या छपराखालचा भिंतीचा त्रिकोणी माथा. जॉन टर्नर या व्यापाऱ्यानं १६६८ मध्ये हे घर बांधलं. बाहेरून गडद रंगाच्या लाकडी फळ्या, वर चांगलंच तिरकं छप्पर. आत छत इतकं खाली की उंच माणसाचा हात आपसूक डोक्याकडे जातो. हे सगळं थंडीपायी. घराच्या मधोमध विटांचं अवाढव्य धुराडं आणि त्याला बिलगून खोल्या. खोली जितकी बुटकी तितकी ऊब टिकणार. काच महाग, म्हणून त्या काळच्या खिडक्या लहान आणि शिशाच्या पट्ट्यांत काचेचे तुकडे बसवलेल्या.

दिवाणखान्यात पाऊल टाकलं की शतकच बदलतं. टर्नरच्या मुलानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या भिंती नव्या जॉर्जियन पद्धतीच्या लाकडी पॅनेलांनी मढवल्या. सगळं प्रमाणबद्ध, दोन्ही बाजू एकमेकींना तोलणाऱ्या. बंदरावर पैसा आला होता आणि तो पाहुण्यांना दिसायला हवा होता.

पुढच्या मालकांना त्रिकोणी माथे जुनाट वाटले, त्यांनी ते काढून टाकले. नॅथॅनिएल हॉथॉर्न आपल्या नात्यातल्या सुझाना इंगरसोल यांच्याकडे इथे येत असे, तेव्हा जेमतेम तीन माथे उरले होते. १८५१ची त्याची कादंबरी मात्र सातांच्या नावानं गाजली. १९०८ मध्ये कॅरोलिन एमर्टन यांनी घर विकत घेतलं आणि वास्तुविशारद जोसेफ चँडलर यांच्याकडून गेलेले माथे पुन्हा उभारून घेतले. शिवाय कादंबरीतलं छोटं दुकान थाटलं आणि धुराड्यालगत एक गुप्त जिनाही घातला. त्या जिन्यानं मी वर गेलो. अंग चोरूनच चढावं लागतं, पायऱ्या अरुंद, वळण अंधारं, एका हाताला विटा. मुलांना तर तो घरातल्या सगळ्या जुन्या तुळयांपेक्षा जास्त आवडतो.

जीर्णोद्धाराच्या काटेकोर नियमांत हे बसत नाही. तरीही एमर्टनबाईंचं मला पटतं. तिकिटांच्या पैशातून त्यांना सेलममध्ये नव्यानं आलेल्या स्थलांतरितांसाठी शिक्षणाचं काम चालवायचं होतं, आणि ते त्यांनी उभं केलं. घर वाचलं तेही त्यामुळेच.

थोडं चाललं की १७६२चं डर्बी हाउस लागतं, विटांचं, जॉर्जियन थाटाचं. एसेक्स स्ट्रीटवरचं गार्डनर-पिंग्री हाउस १८०४ च्या सुमाराचं. त्याचा आराखडा सॅम्युअल मॅकिंटायर या लाकूड कोरणाऱ्या कारागिराचा. ही फेडरल शैली. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या आखूड, दारापुढे सडपातळ खांबांचा अर्धगोल मंडप. कुठेही जडपणा नाही. सेलममधलं सर्वांत देखणं घर कोणतं म्हणाल तर माझ्या लेखी हेच.

अशा हवेल्या उभ्या राहिल्या त्या पूर्वेकडच्या व्यापारावर, आणि त्या व्यापाराचं एक टोक मुंबईत होतं. पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया तिथे अमेरिकी जहाजांचे व्यवहार सांभाळत. त्यांचं चित्र आजही सेलमच्या पीबॉडी एसेक्स संग्रहालयाच्या संग्रहात आहे. पुढे मोठ्या जहाजांना इथलं उथळ बंदर पुरेना, व्यापार बॉस्टनकडे गेला, आणि पाडून नवं बांधण्याइतका पैसा फारसा उरला नाही.

अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्या वाचकांनी सेलमला जरूर जावं, पण ऑक्टोबरची हॅलोविनची गर्दी टाळून. आणि सात माथ्यांच्या घरात प्रत्येक खोलीत वाटाड्याला विचारावं की यातलं टर्नरचं काय आणि एमर्टनबाईंचं काय.